धोतरावरून घेतलेलं माप

रविवार, दुपार

प्रिय लंबू,

तुझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका मिळून पाच आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून तू मनात काय काय धरलं असशील त्याची मला कल्पना आहे, तू लहानपणापासून त्यात पटाईत आहेस. पाकीट उघडायच्या आधीच अक्षर ओळखलं. ओळ अजून उजवीकडे वर चढत जाते, त्यावरून शाळेत तू किती बोलणी खाल्लीस. सोबतचा फोटो पाहिला. मुलगी गोड आहे, कान मात्र अण्णांचे घेतलेत बिचारीने. पंचवीस वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे चौथं पाकीट, आणि माझ्या नावाशेजारी अण्णांचं नाव असलेलं पहिलंच.

तळाशी तू पेनने लिहिलं आहेस, ‘अण्णांना यावंसं वाटलं तर धोतर नेसून आले तरी आमची हरकत नाही.’ हे लिहिणं तुला किती जड गेलं असेल ते मला कळतं. पण खरं सांगू, ते ‘आमची हरकत नाही’ मला लागलं. भिंतीला खिळा ठोकू का म्हणून विचारलं की घरमालक असं बोलतो. असो. अण्णा येणार की नाही, एवढंच तुला हवंय. ते मी लिहिणार आहे, पण तोवर शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. क्रमाने वाच. मला जे सांगायचंय ते सांगायला मी इतका उशीर केलाय की आता ते दोन ओळींत मावत नाही.

फेब्रुवारीत अण्णांना झटका आला ते तुला फोनवर कळवलं होतं. धोका टळला ना, असं तू विचारलंस आणि मी हो म्हटलं. येऊ का, असं तू विचारलं नाहीस आणि ये, असं मी म्हटलं नाही. धोका टळला तो तेवढ्यापुरता. उजवा हात गेला. पाय ओढत चालतात, जीभ जड झालीय पण बोललेलं समजतं. डोकं अगदी शाबूत आहे, आणि कधीकधी मला वाटतं तेच जास्त वाईट झालं. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो पहिल्यासारखा सोडून देणार नाही. हे त्यांनी अण्णांच्या समोरच सांगितलं. अण्णांनी शांतपणे मान हलवली. गिऱ्हाईक घड्याळाची तक्रार सांगायचं तेव्हा ते अशीच मान हलवायचे.

पन्नास वर्षं ज्या हाताने मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून बसवले तो हात आता मांडीवर नुसता पडून असतो. झोपताना तो मीच उचलून उशीवर ठेवते. तुला त्यांचं दुकान आठवत असेल, ते उंच स्टूल, उतरती फळी, डोळ्याला अडकवलेलं भिंग आणि भिंतीवर प्रत्येकी वेगळी वेळ दाखवणारी लोकांची घड्याळं. बाजारात सगळे पँटवाले, आणि मधे हा एकटा धोतरवाला घड्याळजी. तुला वाटायचं, जुन्या वळणाचे आहेत, हट्टी आहेत, म्हणून नेसतात. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा, मी कॉलेजात असताना, त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला दुकानात गेले. अण्णा गुडघे फाकवून बसले होते आणि दोन गुडघ्यांच्या मधे धोतर ताणलेलं होतं. हातातून एक स्क्रू निसटला आणि सरळ त्या कापडात पडला. त्यांनी खाली बघितलंही नाही. डाव्या हाताने चाचपून उचलला आणि काम पुढे चालू. मला म्हणाले, पँट घातली असती तर आता फरशीवर रांगत बसलो असतो. एवढंच कारण. पांढरं मोकळं कापड, पडलेलं झेलणारं आणि बारीक वस्तू दाखवणारं. ते काही कुणाला अडवायला नेसत नव्हते.

हे मी तुला त्याच दिवशी घरी येऊन सांगायला हवं होतं. पण तू तेव्हा रस्त्यात त्यांच्या दहा पावलं मागून चालायचास, आणि मला तुझा राग यायचा, म्हणून नाही सांगितलं. शाळेच्या बक्षीस समारंभाला तू त्यांना म्हणालास, गर्दी असते, तुम्ही नका येऊ. ते नाही आले. त्यांना सगळं कळत होतं. तू मागे असलास की ते मुद्दाम भरभर चालायचे, तुला अंतर राखायला त्रास पडू नये म्हणून. मला तेव्हा वाटायचं, यांना दुकानाची घाई असते. खूप वर्षांनी एकदा मीच त्यांच्याबरोबर चालत होते आणि म्हटलं, हल्ली तुम्ही सावकाश चालता. तर म्हणाले, आता मागे कोण आहे.

धोतर नेसता तुला येत नाही आणि मलाही नाही, पण बघून बघून मला पाठ झालंय. साडेचार मीटर कापड पाठीमागून घ्यायचं, दोन्ही टोकं पुढे आणून बेंबीपाशी गाठ मारायची. एका टोकाच्या निऱ्या घालून त्या पायांतून मागे न्यायच्या आणि कासोटा खोचायचा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे. अण्णांचं हे सगळं बोलता बोलता व्हायचं, आरसा लागायचा नाही, मिनिटसुद्धा लागायचं नाही. आता मोजून बघ, गाठीला दोन हात लागतात, निऱ्यांना दोन हात लागतात, कासोट्याला एक हात पाठीमागे आणि एक पुढे लागतो. एका हाताने काय होतं, तर ते कापड नुसतं धरून उभं राहता येतं.

हॉस्पिटलातून आले ते पायजम्यात. मी त्यांची दाढी करते, शर्टाची बटणं लावते, घास सांडला तर पुसते, त्याचं त्यांना काही वाटत नाही. पण पायजम्याची नाडी बांधायला मी पुढे झाले की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतात. मीही गाठ न बघताच बांधायला शिकले. म्हटलं, लुंगी आणू का, गुंडाळली की झालं. तर म्हणाले, लुंगी गुंडाळतात, धोतर नेसतात, मी काय पार्सल आहे? शेजारचे रिटायर्ड कंपाउंडर मोठ्या उत्साहाने आले, म्हणाले मी नेसवतो, त्यात काय. त्यांनी जन्मभर बँडेजं बांधलेली, अण्णांनाही तसंच बांधलं. अण्णांना पाय उचलता येईना. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो, नाही असं नाही. मग मी माझं हुकमी पान काढलं. शाळांच्या नाटकांसाठी मी माझ्या शिवणाच्या दुकानात तयार धोतरं शिवते, कमरेला इलॅस्टिक, निऱ्या टाचलेल्या, पाय घातले की काम झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ते सोंगाचं. त्यानंतर मी विषय काढला नाही. चार महिने ते आतल्या खोलीबाहेर आले नाहीत. कुणी भेटायला आलं की थंडी वाजते म्हणून पायांवर चादर ओढून घ्यायचे, ऐन उन्हाळ्यात.

आणि मग तुझी पत्रिका आली. मी ती त्यांना वाचून दाखवली. तळाची ओळ गाळणार होते, पण त्यांचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे होतं, म्हणाले, खाली काय लिहिलंय? मी वाचली. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचली. मला लागलं ते त्यांना लागलेलं दिसलं नाही, तुला आवडेल म्हणून लिहीत नाही, खरंच सांगते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की गाडीला किती तास लागतात. मी म्हटलं अकरा. डॉक्टरांना विचार म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सोबत कोणी असेल तर बसून जाऊ शकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कपाटातून धोतर काढायला लावलं, कॉटवर ठेवायला लावलं आणि खोलीबाहेर जायला सांगितलं.

रोज दुपारी दार लोटून तासभर. मी बाहेर मशीनवर बसायची, पण शिवण कुठलं होतंय, कान सगळा आत. एकदा फटीतून बघितलं. कापडाचं एक टोक दातांत धरलं होतं, पोट टेबलाच्या कडेवर दाबून दुसरं टोक अडकवलं होतं, आणि डावा हात गाठ मारायच्या मागे. गाठ बसत नव्हती. त्यांनी मग ती सोडून दिली आणि जुनी पद्धत काढली, नुसती टोकं खोचायची. निऱ्या घालायला ते मांडीचा उपयोग करत, एक घडी मांडीवर, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. उठलं की सगळ्या घसरायच्या. पुन्हा बसायचं. घामाने बनियन भिजलेला असायचा. एक दिवस धप्पकन आवाज आला. मी धावले तर ते कॉटच्या पायाशी बसलेले, कोपर सोललेलं, आणि मला बघताच त्यांनी धोतर गोळा करून मांडीवर घेतलं. म्हणाले, बाहेर थांब, मी काही मेलो नाही. मी बाहेर थांबले. मला त्यांचा इतका राग आला होता आणि तुझाही, आणि खरं तर सगळ्यात जास्त माझा, तो का ते पुढे येईल.

बाविसाव्या दिवशी ते नेसले. दार उघडून स्वतः बाहेर आले. निऱ्या वाकड्या होत्या, एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा आणि दुसरा झाकलेला, पण धोतर होतं. चेहरा असा काही झाला होता की मी रडायचीच बाकी. म्हणाले, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. आम्ही जिना उतरायला लागलो. खालून पहिल्या मजल्यावरची शिक्षिका वर येत होती, हातात वह्यांचा गठ्ठा. तिने विचारलं, काय आजोबा, बरं वाटतंय ना? त्यांनी कठडा सोडून तिला हात वर केला, आणि मागे कासोटा सुटला. मग बाकीचं थांबतंय कशाला. सगळं कापड पायांशी आलं. ती बिचारी शहाणी आहे, तिने वह्या मुद्दाम खाली पाडल्या आणि त्या उचलत बसली, वर बघितलंच नाही. मी त्यांना माझी ओढणी गुंडाळली आणि वर आणलं. पाच पायऱ्या चढायच्या होत्या, त्याला आम्हाला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, मला पँट शिव. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर पुन्हा म्हणाले, पँट शिव, डाव्या हाताने लावता येईल असा हूक कर, मी पँट घालून जाईन, त्याला तेच हवं होतं. मी टेप घेऊन आले. सवयीने पायजम्यावरूनच टेप फिरवायला गेले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने नाडी सोडली, बनियन वर धरला आणि म्हणाले, या वेळी अंगावरून घे. कॅलेंडरकडे नाही बघितलं, माझ्याकडे बघत होते. एकतीस इंच कंबर भरली. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते मला सुचेना, कारण ‘या वेळी’ म्हणजे काय ते फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

आता तुझ्या लग्नाचं. तू त्यांना सांगितलंस, तुमच्या सुनेच्या माहेरचे लोक वेगळे आहेत, एक दिवस पँट घाला, नाहीतर येऊ नका. त्यांनी तुला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू चिडून निघून गेलास. तू गेल्यावर ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, तू शिवण शिकतेस ना, मला एक पँट शिव, त्याला आधी सांगू नकोस, बघू दे त्याला तिथेच. मी शिवणाच्या मास्तरांकडे शिकायला लागून चार महिने झाले होते. तोवर ब्लाउज, परकर आणि उशांचे अभ्रे शिवले होते, पँट कधीच नाही. मला आकाश ठेंगणं झालं. माप घ्यायला उभी राहिले आणि अडले. अण्णा धोतरात. कंबर मोजायची तर धोतर सोडा म्हणायला हवं. ते मी वडिलांना कसं म्हणू, आणि त्यांनी मुलीला कसं विचारावं, की सोडू का? शेवटी मी धोतरावरूनच टेप घेतला. गाठ, खोचलेल्या निऱ्या, मागचा कासोटा, सगळ्यासकट अडतीस इंच भरले. तेच कापलं. मास्तर घसा फोडून सांगायचे की ट्रायलशिवाय कपडा देऊ नये. पण अण्णा म्हणाले, ट्रायल कशाला, तू शिवलीस म्हणजे झालं.

मी सकाळीच हॉलवर आले होते, खुर्च्या मांडून घ्यायला. अण्णा दुकान बंद करून, घरी कपडे बदलून मागून यायचे होते. शाळेतल्या अर्ध्या चड्डीनंतर त्यांनी पहिल्यांदा पँट घातली. ती ढगळ होती, पण पँट अशीच असते असं त्यांना वाटलं. घरात पट्टा कुठला असणार? पार्सलं बांधायची सुतळी होती, ती कमरेला बांधली. वर शर्ट सोडला. बसमधून आले. काखेत तुझ्यासाठी टेबलावर ठेवायचं पितळी घड्याळ होतं, ज्याचे सुटे भाग ते आठ महिने जमवत होते. मी हॉलच्या पायऱ्यांपाशी उभी होते. त्यांना येताना पाहिलं आणि क्षणभर कोण ते कळलं नाही. मग इतका आनंद झाला मला. ते तिसऱ्या पायरीवर आले आणि थांबले. चेहरा बदलला. सुतळी तुटली होती. एक हात घड्याळाला, दुसरा कमरेला धरलेला. वर तुझे सासरे आल्या-गेल्याचा हात हातात घेत उभे होते. अण्णांना कुणाला द्यायला हातच नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि बोट ओठांवर ठेवता येत नव्हतं म्हणून नुसते ओठ मिटले. मला कळलं, बोलू नकोस म्हणताहेत. मग ते वळले.

तू मला विचारलंस, अण्णा आले का? मी म्हटलं, नाही, येणार नाहीत. मग तू सगळ्यांसमोर म्हणालास, त्यांना माझ्यापेक्षा ते धोतर जास्त आहे. मी खाली बघत राहिले. त्यानंतर तू बदली घेतलीस, पत्ता पाठवला तो मला, त्यांना नाही. दुसऱ्या दिवशी ती पँट धुऊन दोरीवर वाळत टाकलेली होती, त्यांनीच धुतली होती. ती मी मोजली आणि मला माझी चूक समजली. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. मला वाटत राहिलं की त्यांना वाटतंय, दोष सुतळीचा. आता टेप हातात धरून मी उभी होते तेव्हा ते म्हणाले, तुझी पहिलीच पँट होती, त्याला कळलं असतं तर त्याने जन्मभर तुला चिडवलं असतं. बस्स. माझी एक फजिती झाकायला त्यांनी तुला जाऊ दिलं, लंबू, आणि मी ते चालू दिलं.

का चालू दिलं, ते पण लिहिते, आता कशाला लपवायचं. पहिलं वर्ष लाज होती. मग वाटायला लागलं, त्यांनीच गप्प राहायला सांगितलंय, मी का मोडू? आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती. तू गेलास आणि अण्णा माझे एकटीचे झाले. तोपर्यंत घरात तूच. तुझी उंची, तुझे मार्क, तुझी मर्जी. आई गेल्यापासून ते माझ्याशी बोलायचे ते तुझ्याबद्दल. तू गेल्यावर संध्याकाळी दुकानातून आले की माझ्या मशीनशेजारी बसायचे, काय शिवतेस विचारायचे. मला ते हवं होतं. तुला एक पत्र टाकलं असतं तर सगळं निस्तरलं असतं, आणि मला ते निस्तरायचं नव्हतं. हे वाचून तुला माझी किळस आली तर मी समजू शकते.

पँट मी काल पूर्ण केली. करड्या रंगाची, मास्तर असते तर पाठ थोपटली असती त्यांनी. अण्णांनी हूक स्वतः लावला, डाव्या हाताने. कंबर एका बोटाचाही फरक न होता बसली. कपाटाच्या आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, खूश आहेत. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, त्याने मला असं कधी पाहिलंच नाही. एवढ्या लोकांत त्याला मला ओळखायला वेळ लागला तर? मी म्हटलं, काहीतरीच काय, चेहरा नाही का ओळखणार, कान नाही का ओळखणार. म्हणाले, लांबून माणूस धोतरावरूनच ओळखू येतो, आणि ते आता मला जमत नाही. मग म्हणाले, त्याला लिही की तब्येत बरी नाही, प्रवास झेपणार नाही, मुलीला आशीर्वाद. बाकी काही लिहू नकोस. अगदी तसेच ओठ मिटले.

मी हो म्हटलं आणि हे पत्र लिहायला बसले, ते त्यांनी सांगितलेलं न लिहिण्यासाठी. अण्णा तुझ्याकडे येणार नाहीत, तू ये. लग्नाला एकोणीस दिवस आहेत आणि डॉक्टर त्यांचे तेवढेसुद्धा धरून चालू नका म्हणतात. आणि एक राहिलं, ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करता येणार नाही. तुझ्या लग्नाच्या दिवशी, अण्णा येणार नाहीत असं मी म्हटल्यावर, तू खुर्चीतून उठला होतास. म्हणाला होतास, मी बाहेर जाऊन बघतो, नाहीतर घरी जाऊन घेऊन येतो. मी तुझं मनगट घट्ट धरलं होतं, आठवतंय? तुला वाटलं, ताई धीर देतेय. तुझ्या पाठीमागे खिडकी होती. खिडकीतून मला अण्णा दिसत होते, रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर, कमरेला हात धरून, हॉलकडे तोंड करून उभे. बस वीस मिनिटं आली नाही. तेवढा वेळ मी तुझं मनगट सोडलं नाही. आता तू ये, मी दार उघडीन आणि बाजूला होईन.

तुझीच,
ताई